अग्निशमन दलात बॅगपाइप आणि ड्रमचा बँड उभा करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

शिडी_२ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी चौदा वर्षं अग्निशमन दलात आहे. आमची तीन स्टेशनं, सत्तरच्या आसपास माणसं. मागच्या हिवाळ्यात आमचा एक जवान आजारपणात गेला. अंत्यविधीला दोन तासांच्या अंतरावरच्या दुसऱ्या एका दलाचा पाइप बँड आला. त्यांच्यापैकी कोणीही त्याला कधी भेटलं नव्हतं. तासभर थंडीत उभे राहिले, वाजवलं, त्याच्या आईला सलामी दिली आणि परत गेले. तेव्हापासून एकच गोष्ट मनात घोळते आहे: आपल्या माणसाला निरोप द्यायला आपलीच माणसं का नसावीत?

स्टेशनवर विषय काढला तर अकरा जणांनी नावं दिली. बॅगपाइप एकालाही येत नाही. दोघं शाळेत असताना ड्रम वाजवायचे, बाकी सगळे कोरे. पुढच्या वसंतात दलाचा स्मृतिदिन असतो, म्हणजे हातात नऊ महिने आहेत. तोवर चार-पाच पाइप आणि तीन ड्रम उभे करावेत असा विचार आहे. पाइप कुठले घ्यावेत, शिकवायला कोणाला आणावं, परवानग्या काय लागतात, काहीच माहीत नाही. ज्यांनी हे केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा. कडू असलं तरी चालेल.

जुनी_रीड

शिडीदादा, आधी मनापासून शुभेच्छा. आता कडू भाग.

नऊ महिने विसरा. अगदी नवख्या माणसाला पाइपवर चारचौघांत उभं राहण्याइतकी तयारी व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात, तीही रोज अर्धा तास रियाज केला तर. मी बावीस वर्षं वाजवते आहे आणि पहिलं वर्ष मी पिशवीला हातही लावलेला नव्हता.

सुरुवात प्रॅक्टिस चँटरवर होते. दिसायला साधी बासरीसारखी नळी, आत रीड (फुंकल्यावर थरथरणारी पाती), पिशवी नाही, ड्रोन (सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्या) नाहीत. बोटं, अलंकार, धून पाठ करणं हे सगळं तिच्यावरच. पाइपला नऊच स्वर असतात: खाली मंद्र कोमल नी, मग सा, रे, शुद्ध ग, म, प, ध, पुन्हा कोमल नी आणि तार सा. म्हणजे खमाज थाटाचीच मांडणी. स्वर इतके कमी, मग अवघड काय, असं वाटेल. अवघड हे की पाइपचा आवाज मध्येच थांबवता येत नाही आणि लहान-मोठाही करता येत नाही. पिशवीतली हवा सतत रीडमधून जात असते. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये शांतता आणायला जागाच नाही. म्हणून दोन स्वरांच्या मध्ये क्षणभर दुसरं बोट उचलून किंवा टेकवून त्यांना वेगळं करायचं. ते ग्रेस नोट्स, डबलिंग, ग्रिप, बर्ल वगैरे प्रकार शोभेचे नाहीत, तीच पाइपची भाषा आहे. ते कच्चे राहिले की पाच पाइपर मिळून गोंगाट होतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती: आत्ता पाइप विकत घेऊ नका. अकरा प्रॅक्टिस चँटर घ्या आणि शिक्षक शोधा. वर्षभरानं कोण टिकलंय ते बघून मग पाइपचा विचार करा.

शिक्षक कुठे मिळेल, तर स्पर्धांत उतरणाऱ्या जवळच्या बँडच्या पाइप मेजरला, म्हणजे बँडच्या प्रमुखाला, भेटा. स्कॉटलंडमध्ये रॉयल स्कॉटिश पाइप बँड असोसिएशन आहे, तशा इतर देशांतही संघटना आहेत, त्यांच्याकडे बँडची यादी असते. ग्लासगोचं नॅशनल पायपिंग सेंटर ऑनलाइन धडे देतं. पण निदान महिन्यातून एकदा तरी कोणीतरी समोर बसून बोटं बघायला हवीत. पडद्यावर चुकीची पकड लपते आणि सहा महिन्यांनी ती मोडताना जीव जातो.

शिडी_२

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. दोन वर्षं वाचून पोटात गोळा आला, पण पटलं. एकानं सांगितलं की त्याच्या आजोबांचे जुने पाइप घरी पडून आहेत. ते वापरता येतील का?

जुनी_रीड

जुने पाइप बरेचदा उत्तम निघतात. लाकूड आफ्रिकन ब्लॅकवुड असेल आणि तडा नसेल तर नवी पिशवी, नवे रीड घालून सुरेख वाजतील. फक्त कड्या हस्तिदंताच्या आहेत का ते जाणकाराला दाखवा. असतील तर दुसऱ्या देशात नेताना सायटीसचे (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) परवाने लागतात, नाहीतर सीमेवर पाइप अडकतात. बाजारातले अगदी स्वस्त नवे संच मात्र टाळा. ते सुरात लावताच येत नाहीत आणि शिकणाऱ्याला वाटतं चूक आपलीच आहे. माझ्या ओळखीच्या दोन चांगल्या मुलांनी त्यापायी वाजवणं सोडलं. अजून वाईट वाटतं.

रात्रपाळी

मी पाइप वाजवत नाही, पण दुसऱ्या दलात बँडच्या सरावाचं वेळापत्रक सहा वर्षं सांभाळलं. तुमचा बँड मोडेल तर तो शिफ्टमुळे मोडेल, म्हणून आधी कागद-पेन्सिल घ्या.

तुमच्याकडे २४ तास ड्युटी आणि ४८ तास सुट्टी असेल तर चक्र तीन दिवसांचं. आठवडा सात दिवसांचा. म्हणजे दर आठवड्याला चक्र एका दिवसानं सरकतं. सराव दर बुधवारी ठेवलात तर प्रत्येक शिफ्ट दर तिसऱ्या बुधवारी ड्युटीवर. हे त्यातल्या त्यात सोपं, कारण गैरहजेरी वाटली जाते. ४८ तास ड्युटी आणि ९६ तास सुट्टी असेल तर चक्र सहा दिवसांचं, आणि माणूस सलग दोन बुधवार चुकतो, मग सलग चार येतो. नवख्याला दोन आठवड्यांचा सलग खाडा महागात पडतो. त्यांच्यासाठी धडा ध्वनिमुद्रित करून ठेवा.

दुसरं, नावं घेताना समोर शिफ्ट लिहा. आमचे स्नेअर (तारा लावलेला ड्रम) वाजवणारे तिघंही एकाच शिफ्टचे निघाले. दर तिसऱ्या सरावाला बँड ड्रमशिवाय! ही गोष्ट आमच्या लक्षात यायला चार महिने गेले.

आणि ड्युटीवरच्या माणसाला सरावाला बसू द्यायचं की नाही, घंटा झाली तर पिशवी कुठे ठेवून धावायचं, हे साहेबांकडून आधीच लेखी घ्या.

पॅडवरची_काठी

ड्रमबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहितो. लोकांना वाटतं पाइप अवघड आणि ड्रम सोपे. शाळेत वाजवणाऱ्या दोघांना सांभाळून सांगा की त्यांना बरंच नव्यानं शिकावं लागेल.

पाइप बँडच्या स्नेअरला केव्हलार या अतिशय मजबूत धाग्याचं पान असतं, ते टेबलासारखं कडक ताणलेलं असतं. वरच्या पानाखालीही तारा आणि खालच्या पानालाही तारा. त्यामुळे काठीचा प्रत्येक दाणा वेगळा ऐकू येतो, चूकही तेवढीच ठळक. आजची ही वाजवण्याची रीत घडवण्यात ॲलेक्स डथहार्ट (१९२५–१९८६) यांचा फार मोठा वाटा आहे. त्यांनी स्विस ड्रमिंगमधल्या कल्पना पाइप बँडच्या ड्रमिंगमध्ये आणल्या. त्यांचं वादन ऐकायला मिळालं तर डोळे मिटून ऐका, ताल गातो म्हणजे काय ते कळेल.

पहिले सहा महिने फक्त रबरी पॅड आणि काठ्या. क्लोज्ड रोल (ठोके सलग घरंगळल्यासारखे ऐकू येतात तो) स्वच्छ येईपर्यंत ड्रमला हात नाही. टेनर ड्रमरना काठ्या फिरवायच्या असतात, ते बघायला छान दिसतं, पण आधी तालात राहणं. आणि बास ड्रम कोणालाही देऊ नका! सगळ्यांत स्थिर माणूस तिथे हवा. चाल त्याच्या हातात असते. मिरवणुकीत पुढचे घाई करतात, मागचे रेंगाळतात, सगळे त्याच्यावर विसंबून असतात.

अंत्यविधीची गोष्ट वेगळी. तिथे ड्रमवर काळं कापड चढवतात, तारा सैल करतात, पावलं संथ. दर पावलाला एक ठोका. संथ चालीत एकसारखं चालणं जलद चालीपेक्षा कितीतरी अवघड आहे. वाद्य हातात न घेता नुसतं चालण्याचा सराव करा, तोही आजपासून.

कानसेन

मी कान-नाक-घसा विभागात काम करते. बँडची कल्पना फार आवडली, म्हणूनच दोन गोष्टी लिहिते.

पहिली कानांची. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. या हिशेबानं १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. बंद खोलीत पाइप आणि स्नेअर एकत्र वाजले की १०० सहज ओलांडतं. तुमचे कान सायरन आणि पंपांनी आधीच थकलेले आहेत. संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते सगळ्या सुरांचा आवाज सारखाच कमी करतात, त्यामुळे सुरात लावायला अडचण येत नाही. पहिल्या दिवसापासून सक्ती करा.

दुसरी फुप्फुसांची. २०१६ साली थोरॅक्स या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या ६१ वर्षांच्या एका पाइपवादकाची केस आली होती. रोज वाजवायचे. वर्षानुवर्षं खोकला आणि धाप. तीन महिने ऑस्ट्रेलियाला गेले, पाइप घरी राहिले, तेव्हा बरं वाटलं. परत आल्यावर पुन्हा त्रास. पाइपची पिशवी आणि आतले इतर भाग तपासले तर आत बुरशी वाढलेली. ते गृहस्थ त्या आजारात दगावले. अशी उदाहरणं विरळ आहेत, घाबरून जाऊ नका. पण धूर झेललेल्या फुप्फुसांशी खेळ नको. चेनची पिशवी घ्या, वाजवून झालं की उघडून वाळवा, ब्लोपाइप (फुंकायची नळी) ब्रशनं साफ करा. एकाची ब्लोपाइप दुसऱ्यानं तोंडात घालू नये. खोकला तीन आठवडे टिकला तर डॉक्टरांना “मी पाइप वाजवतो” हे न विसरता सांगा, कारण ते आपणहून विचारणार नाहीत.

हिशेबवही

कागदपत्रांचं थोडक्यात. दलाचं नाव आणि चिन्ह वापरायची परवानगी लेखी हवी. वाद्यं कोणाच्या मालकीची, माणूस बँड सोडून गेला तर परत कधी करायची, हे पहिल्याच बैठकीत लिहा. देणग्या घेणार असाल तर बँडचं खातं वेगळं ठेवा, कोणाच्याही वैयक्तिक खात्यात एक पैसा नको. अमेरिकेत बरेच बँड करकायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी करतात, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळते. इतरत्र त्या-त्या देशाचा कायदा बघा. वाद्यांचा विमा उतरवा, स्टेशनवर ठेवलेली वाद्यं दलाच्या विम्यात येतातच असं नाही.

नवखा_चँटर

गणवेशाचं काय? आमच्याकडेही असा विचार चालू आहे आणि सगळ्यांचं पहिलं बोलणं किल्टचंच (स्कॉटिश चुणीदार घागऱ्याचंच) आहे. स्वतःचा टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडाची चौकड्यांची नक्षी, नोंदवता येतो असं ऐकलं.

जुनी_रीड

येतो. स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स २००९ पासून चालू आहे, नवीन नक्षी तिथे नोंदवता येते. पण किल्ट शेवटी. एका चांगल्या किल्टला सात मीटरहून जास्त लोकरी कापड लागतं आणि चुण्या हातानं शिवतात. माप घेऊन झालं आणि माणूस सोडून गेला तर तो किल्ट दुसऱ्याला बसत नाही. पहिली दोन वर्षं दलाचाच गणवेश घाला. त्याच्याइतका मान कशालाच नाही.

त्यापेक्षा सगळ्यांचे पाइप चँटर (पिशवीला जोडलेली, धून वाजवायची नळी) एकाच बनावटीचे आणि रीड एकाच कारागिराचे घ्या. याला तोड नाही. रीड खोल बसवला की सूर चढतो, वर काढला की उतरतो, आणि एखादा स्वर चढा राहिला तर भोकाच्या वरच्या कडेला टेप लावतात. हे काम एकाच माणसानं, पाइप मेजरनं, एका कानानं करायचं. मग ड्रोन. दोन टेनर ड्रोन चँटरच्या ‘सा’च्या एक सप्तक खाली, बास ड्रोन दोन सप्तकं खाली. तानपुरा जुळल्यावर खोली भरून येते तसंच होतं. जुळलेले चार पाइप न जुळलेल्या बारांपेक्षा मोठे ऐकू येतात.

अजून एक. पाइपचा ‘सा’ आजकाल ४८० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे ब्रास बँडच्या किंवा चर्चच्या ऑर्गनच्या बी-फ्लॅटपेक्षा चढा. कोणी “ऑर्गनबरोबर वाजवा” म्हटलं तर लगेच हो म्हणू नका, त्यासाठी वेगळा चँटर लागतो.

रात्रपाळी

एक प्रश्न सगळ्यांनाच विचारतो. बाहेरच्या वादकांना बँडमध्ये घ्यावं का? आमच्याकडे यावरून बरीच कटुता झाली. काहींचं म्हणणं, दलाचा बँड म्हणजे दलाचीच माणसं.

शिडी_२

मलाही तसंच वाटतं. अंत्यविधीला समोर उभा असलेला माणूस त्याच धुरातून गेलेला असावा.

जुनी_रीड

तुमची भावना मी समजू शकते. तरीही माझं मत वेगळं आहे, आणि त्यामागे एक प्रसंग आहे.

मी अग्निशमन दलात कधीच नव्हते. माझा भाऊ होता. मी त्याच्या दलाच्या बँडमध्ये आठ वर्षं वाजवलं. तो गेला तेव्हा बँडमध्ये सात पाइपर होते, त्यातले चार त्याच्याच शिफ्टचे. त्यांनी हट्टानं वाजवलं. पाइपला श्वास सारखा लागतो, आणि रडू आलं की ओठ थरथरतात, फुंक सुटते, पिशवीतला दाब पडतो, ड्रोन एकेक करून बसतात. त्या दिवशी दुसऱ्या कडव्यात चारही पाइप थांबले. उरलेल्या तिघांनी शेवटपर्यंत नेलं. मी वाजवत नव्हते, आईचा हात धरून उभी होते, आणि त्या चौघांचे चेहरे मला दिसत होते. त्यांना आजही वाटतं की आपण त्याच्यासाठी कमी पडलो. त्यांना कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं की बाबांनो, आज तुम्ही वाजवू नका, तुम्ही त्याच्या घरच्यांसोबत उभे राहा.

तेव्हापासून त्या बँडमध्ये नियम आहे: गेलेल्या माणसाच्या शिफ्टवरच्या कोणीही वाजवायचं नाही. हा नियम पाळायचा तर माणसं जास्त लागतात. निवृत्त जवान, घरातली माणसं, शेजारच्या दलातली, रुग्णवाहिकेवरची, सगळी लागतात.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात एमराल्ड सोसायटीचा (आयरिश वंशाच्या जवानांच्या संघटनेचा) बँड १९६२ पासून आहे. ११ सप्टेंबर २००१ ला त्या दलाची ३४३ माणसं गेली. पुढे कित्येक महिने एकेका दिवशी अनेक अंत्यविधी असायचे आणि बँडला तुकड्या करून जावं लागलं. असा दिवस कोणावरही येऊ नये. पण बँड उभा करताना स्वतःला हे विचारा की आपलाच माणूस गेला तर आपल्यातले किती जण वाजवू शकतील.

शिडी_२

ताई, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. तुमच्या भावाला माझी सलामी.

पॅडवरची_काठी

ताई, हा नियम मी आमच्या बँडपुढे ठेवणार आहे. आमच्याकडे तो नाही आणि असायला हवा होता.

शिडी_२ *(दहा महिन्यांनंतर)*

मंडळी, धागा वर काढतोय. काय झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

अकराचे सात राहिले. मग शेजारच्या दलातून तिघं आणि आमच्या निवृत्त कॅप्टनची मुलगी आली, पुन्हा अकरा. सहा जण चँटरवर, पाच जण पॅडवर. तिन्ही शिफ्टवर चँटरवाले दोन-दोन, रात्रपाळींच्या सल्ल्यानुसार. अंत्यविधीला जो बँड आला होता त्याच्याच पाइप मेजरना पत्र लिहिलं होतं. ते महिन्यातून एका रविवारी येतात, मधल्या काळात पडद्यावर. पहिल्या दिवशी त्यांनी आमचे सगळे चँटर काढून घेतले आणि दोन तास फक्त एकत्र पावलं टाकायला लावली.

स्मृतिदिनाला आम्ही वाजवलं नाही. साहेबांनी विचारलं होतं, निदान एक साधी धून तरी होईल का. मी नाही म्हणालो. पाइप मेजरनी स्वतः एकट्यानं वाजवलं आणि आमच्यातल्या एकाला कापड चढवलेल्या बास ड्रमवर उभं केलं. हा मुलगा तोवर फक्त पॅडवर ठोके मोजत होता. दर पावलाला एक ठोका, शेवटपर्यंत, एकही मागेपुढे नाही. गेलेल्या मित्राची आई आली होती. तिनं नंतर त्याला जवळ बोलावून त्याचं नाव विचारलं.

इअरप्लग सगळ्यांना आहेत. वाद्यांची नोंदवही आहे. शिफ्टचा नियम पहिल्या बैठकीत एकमतानं लिहून सह्या केल्या, आणि शिफ्टच्या पुढे “किंवा जवळचा मित्र” हे शब्द घातले.

आजोबांचे पाइप जाणकाराला दाखवले. ब्लॅकवुडच आहेत, तडा नाही, कड्या हस्तिदंताच्या नाहीत. ते खोलीत कपाटावर आहेत. सहा जणांतून ज्याची बोटं आधी तयार होतील त्याला पिशवी बांधून मिळणार.

पाइप मेजरनी त्यांच्या बँडच्या दोन संथ धुनांची स्वरलिपी पाठवली आहे. आम्ही त्या त्यांच्याच पद्धतीनं, त्याच जागी तेच अलंकार घेऊन बसवतोय. म्हणजे कधी आमच्याकडे माणसं कमी पडली तर त्यांचे लोक आमच्या रांगेत उभे राहतील, आणि त्यांच्याकडे पडली तर आमचे. जुनी_रीड ताई, तुम्हालाही ती स्वरलिपी पाठवू का?

जुनी_रीड

पाठवा. दोन्ही धुना पाठ करून ठेवते.